उलटी थांबवण्याआधी

प्रस्तावना

२० फेब्रुवारी २०२४, मंगळवार, एकादशी. लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताह चालू होता. उपवासाचा दिवस म्हणून प्रसादाला भगर आणि आमटी होती. प्रसाद घेतलेल्या सोमठाणा आणि खापरखेडच्या माणसांना त्या रात्री मळमळ, उलट्या, जुलाब सुरू झाले आणि बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात शेकडो रुग्णांची रीघ लागली. आत जागा उरली नाही. मग रुग्णांना आवारात जमिनीवरच निजवलं, झाडांना दोर बांधले आणि त्या दोरांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या. त्याची चित्रफीत देशभर फिरली. तिच्यावर जी चर्चा झाली ती खाटांची, डॉक्टरांच्या संख्येची आणि सरकारी दवाखान्यांच्या हालाखीची होती, आणि ती व्हायलाच हवी होती.

शरीरात काय चाललं होतं याची चर्चा मात्र कुठे झाली नाही. एकाच पंगतीतल्या एवढ्या माणसांच्या पोटाने एकच निर्णय कसा घेतला? उलटी थांबवणारी सुई दंडात टोचली की ती पोटात काम करते की डोक्यात? आणि तीच सुई घाटात गाडी लागलेल्या पोराला, डायलिसिसवरच्या म्हाताऱ्याला, फवारणी करून आलेल्या मजुराला दिली तर काय होईल? बुलढाणा जिल्ह्यात हे चौघेही एकाच मेडिकलच्या काउंटरवर येतात आणि एकच वाक्य बोलतात, "उलटीची गोळी द्या." ही पुस्तिका त्या वाक्यासाठी लिहिली आहे. उलटीची गोळी अशी एक गोळी नसते. उलटीचा निरोप मेंदूत चार वेगवेगळ्या मार्गांनी पोचतो आणि प्रत्येक औषध त्यातला एखादाच मार्ग अडवतं. निरोप कुठून आला हे कळल्याशिवाय दिलेलं औषध कधी वाया जातं, कधी घात करतं.

आधी उलटी म्हणजे काय ते पाहू. जठर स्वतः जोर लावून अन्न बाहेर फेकतं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या क्षणी जठर सैल पडलेलं असतं. त्याआधी लहान आतड्यात एक मोठी उलटी लाट उठून आतला ऐवज जठरात परत आणते. तोंडाला पाणी सुटतं, घाम येतो, चेहरा उतरतो. मग श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकदम आवळले जातात आणि त्या दाबाने जठर रिकामं होतं. श्वासनलिकेचं तोंड तेवढ्यापुरतं मिटतं. इतक्या स्नायूंचा हा मेळ मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेत जुळवला जातो. म्हणजे घाण पोटात असली तरी हुकूम डोक्यातून सुटतो. उलटीवरची बहुतेक औषधं हा हुकूम सुटण्याआधीचे निरोप अडवतात. विष, जंतू किंवा खराब अन्न यांचं ती काही करत नाहीत.

पहिला मार्ग पोटातून निघतो. आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी असतात आणि त्यांच्यात सेरोटोनिन साठवलेलं असतं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यातच असतं. अन्नातल्या विषाने अस्तर दुखावलं की या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते शेजारच्या व्हेगस नसेच्या टोकांवर जाऊन बसतं आणि निरोप लंबमज्जेकडे निघतो. काही विषं तर ही पायरीही गाळतात. शिळ्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचं विष थेट व्हेगस नसेला चेतवतं, म्हणून असा भात खाल्ल्यावर काही तासांतच ओकाऱ्या सुरू होतात. भगरीचं पीठ दमट हवेत फार दिवस राहिलं की त्यात बुरशी धरते आणि तिची विषं शिजवूनही जात नाहीत. उपवासाच्या दिवसांत सुटं पीठ घेऊ नका, असं अन्न व औषध प्रशासन सांगतं ते यामुळे.

या मार्गावरचं औषध ऑनडॅनसेट्रॉन. ते सेरोटोनिनला नसेवर बसायची जागाच देत नाही. मुळात ते कर्करोगाच्या रुग्णांसाठी तयार झालं. सिस्प्लॅटिनसारखं औषध शिरेत गेलं की आतड्यातल्या त्याच पेशी एकदम सेरोटोनिन ओततात. १९८० च्या दशकापर्यंत या उलट्यांपायी कित्येक जण उपचारच सोडून देत. १९९१ मध्ये ऑनडॅनसेट्रॉनला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि केमोथेरपीचं रूप पालटलं. लहान मुलांच्या जुलाब-उलट्यांत ते कामी येतं का, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने २१५ मुलांवर तपासलं. औषध नसलेली नुसती दिसायची गोळी दिलेल्या मुलांपैकी ३५ टक्क्यांना क्षारसंजीवनी (ओआरएस) पाजताना उलटी झाली, औषध दिलेल्यांपैकी १४ टक्क्यांना. या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. औषधाने जुलाब बरे केले नाहीत. पाणी पोटात टिकू दिलं. पोराचा जीव वाचवला तो त्या पाण्याने. सोमठाण्यासारख्या प्रसंगी सुईचं काम एवढंच असतं. तिच्या जोडीला क्षारसंजीवनी नसेल तर उलटी थांबूनही माणूस वाळत जातो.

दुसरा मार्ग रक्ताचा. मेंदूभोवती एक गाळणी असते. रक्तातले बहुतेक पदार्थ ती आत येऊ देत नाही. पण लंबमज्जेच्या मागच्या अंगाला एक इवलासा भाग मुद्दाम या गाळणीबाहेर ठेवलेला आहे. रक्तात काही वाईट फिरतंय का, याची चाचपणी तो करत राहतो. बोरिसन आणि वांग या संशोधकांनी १९५० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून त्याचं काम दाखवून दिलं. हा भाग मुख्यतः डोपामिनच्या भाषेत बोलतो. त्याला चेतवणाऱ्या गोष्टींची यादी लांब आहे: अफूची औषधं, हृदयाचं डिजॉक्सिन, रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडं थकल्यावर रक्तात साचणारा युरिया व त्याच्या संगतीचे टाकाऊ पदार्थ.

इथे बुलढाण्याच्या वाचकाला संग्रामपूर आणि जळगाव जामोद आठवतील. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट आहे आणि या भागातल्या गावांतून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. अशा रुग्णाची सुरुवातीची तक्रार लघवीची असेलच असं नाही. सकाळी उठल्यावर मळमळ, अन्नावरची वासना उडणं, तोंडाला धातूसारखी चव, अशीही ती असते. "पित्त झालं" म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या जातात आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन तपासायचं राहून जातं. रक्ताच्या मार्गाने येणारी मळमळ औषधाने दबते खरी, पण त्या दबण्यातच निदान लांबतं.

या मार्गावरची दोन औषधं घरोघरी पोचली आहेत: मेटोक्लोप्रमाइड आणि डोम्पेरिडोन. दोन्ही डोपामिनला अडवतात. मेटोक्लोप्रमाइड १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आलं, डोम्पेरिडोन १९७० च्या दशकात बेल्जियमच्या यान्सेन प्रयोगशाळेत. फरक त्या गाळणीचा. मेटोक्लोप्रमाइड गाळणी ओलांडून मेंदूत जातं आणि हालचालींचा तोल राखणाऱ्या भागातलं डोपामिनही अडवतं. त्यामुळे काही जणांची, विशेषतः मुलांची आणि तरुण मुलींची, सुई घेतल्यावर काही तासांत मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जबडा आखडतो, जीभ बाहेर येते. माणूस शुद्धीत असतो, पण त्याला बोलता येत नाही. ज्या जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर बाधा उतरवायला लांबलांबून माणसं येतात, तिथे हे दृश्य पाहून घरच्यांच्या मनात काय येईल ते सांगायला नको. डॉक्टरला मात्र एकच प्रश्न विचारायचा असतो: काल-आज उलटीचं कोणतं औषध दिलं होतं? प्रोमेथाझिनसारख्या औषधाच्या एका सुईने हा प्रकार बहुधा थोड्या वेळातच ओसरतो. महिनोन्‌महिने मेटोक्लोप्रमाइड घेतलं तर मात्र तोंडाच्या आणि जिभेच्या चाळ्यांचा असा विकार जडू शकतो जो औषध बंद करूनही जात नाही. म्हणून २००९ मध्ये अमेरिकेने त्यावर कडक इशारा छापायला लावला आणि २०१३ मध्ये युरोपने ते जास्तीत जास्त पाच दिवसच द्यावं असं ठरवलं. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीच्या रुग्णाला त्याची मात्रा निम्मी किंवा त्याहून कमी करावी लागते. खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

डोम्पेरिडोन गाळणी फारसं ओलांडत नाही. गाळणीबाहेरच्या त्या चाचपणी करणाऱ्या भागावर ते काम करतं आणि मान वाकडी होण्याचा धोका क्वचितच राहतो. पण गाळणीबाहेर आणखी एक गोष्ट आहे, पियुषिका ग्रंथी. तिथलं डोपामिन अडलं की प्रोलॅक्टिन वाढतं. मग मूल नसलेल्या बाईच्या स्तनातून दूध येतं, पाळी चुकते, पुरुषाची छाती सुजून दुखते. ज्या गोळीमुळे हे झालं ती पित्ताची म्हणून घेतली जात असते, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरा मार्ग कानातून निघतो. मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो. एसटीच्या वळणावळणात आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हेलकावे खातोय. समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. या विसंवादातून मळमळ उठते. इथे निरोप हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिनच्या भाषेत जातो. सेरोटोनिन आणि डोपामिनचा इथे फारसा संबंध नाही, म्हणून घाटाआधी ऑनडॅनसेट्रॉन किंवा डोम्पेरिडोन खाणाऱ्याला त्याचा फायदा बहुतेक होत नाही. इथे चालतात ती जुनी ॲलर्जीची औषधं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये अंगावर गांध्या उठणारी एक गर्भवती बाई डायमेनहायड्रिनेट घेत होती. ट्राममध्ये बसल्यावर तिला होणारा त्रासही थांबल्याचं लक्षात आलं आणि मग जहाजावरच्या सैनिकांवर त्याची पद्धतशीर चाचणी झाली. आपल्याकडे प्रोमेथाझिनची गोळी प्रचलित आहे. ती गाडीत बसण्याआधी तास-दोन तास घ्यायची असते. घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी जठरातच पडून राहते, कारण मळमळताना जठराची हालचाल मंदावलेली असते. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये आणि दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. याच मार्गावरचं सर्वांत जुनं द्रव्य आपल्या बांधावर उगवतं. धोत्र्यातलं हायोसिन ॲसिटिलकोलिन अडवतं आणि परदेशात त्याची चकती कानामागे चिकटवून लोक समुद्रप्रवास करतात. चकतीत मात्रा मोजून भरलेली असते. बोंडात किती विष आहे हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून धोत्रा घरी वापरण्याची वस्तू नव्हे.

चौथा मार्ग मनाचा. केमोथेरपीच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला रुग्णालयाच्या फाटकातच उलटी होणारी माणसं असतात. तिथवर औषध शिरेत गेलेलंही नसतं. वास, आठवण, भीती यांनी उठलेल्या या निरोपावर पोटातली औषधं लागू पडत नाहीत. पहिल्याच फेरीला उलटी होऊ न देणं, हा त्यावरचा खरा उपाय. गर्भारपणातली मळमळ याहून वेगळी. नाळेतून येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाचा तिच्यातला वाटा २०२३ च्या संशोधनाने स्पष्ट केला. थॅलिडोमाइडने १९५७ ते १९६१ दरम्यान युरोपात हजारो बाळांचे हातपाय हिरावले तेव्हा ते गर्भवतींना मळमळीवरही दिलं जात होतं. तेव्हापासून गर्भारपणात कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते. डॉक्सिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्वाची जोडगोळी आज पहिल्या पसंतीची आहे.

आता जठराच्या चालीकडे वळू, कारण "पोट जड झालंय" ही तक्रार उलटीइतकीच रोजची आहे. जठराच्या भिंतीत स्वतःहून ठेका धरणाऱ्या पेशी असतात. त्या मिनिटाला साधारण तीन लाटा सोडतात. जठराचा खालचा भाग जात्यासारखा अन्न भरडतो आणि एक-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेलंच पुढे जाऊ देतो. पाणी लवकर उतरतं, भाकरी-वरणाला काही तास लागतात, तुपकट जेवणाला त्याहून जास्त, कारण चरबी आतड्यात पोचली की आतडंच जठराला थांबायला सांगतं. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी एक मोठी लाट वरून खाली उरलंसुरलं झाडून नेते; तिचा इशारा मोटिलिन नावाचं संप्रेरक देतं. या सगळ्या हालचाली मुख्यतः ॲसिटिलकोलिन चालवतं. जठरातलं डोपामिन त्यांना आवर घालतं. आतड्यातलं सेरोटोनिन, वेगळ्या जागी बसलं तर, त्यांना जोर देतं.

चाल वाढवणाऱ्या औषधांचे सगळे प्रकार या एका परिच्छेदातून समजतात. डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड डोपामिनचा आवर काढतात. मोसाप्राइड आणि प्रुकॅलोप्राइड सेरोटोनिनच्या जोराच्या बाजूने काम करतात. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मोटिलिनची नक्कल करतं, म्हणून ते घेतल्यावर पोटात मुरडा येतो. आणि तोच गुण मधुमेहाने व्हेगस नस खराब होऊन जठर लुळं पडलेल्या रुग्णासाठी थोडे दिवस वापरता येतो. आणि इटोप्राइड दोन कामं करतं: डोपामिन अडवतं आणि ॲसिटिलकोलिन फोडणाऱ्या एन्झाइमला काही काळ रोखतं.

हे एन्झाइम विदर्भातल्या शेतकऱ्याने ओळखून ठेवावं असं आहे, कारण कापसावर मारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फरस गटाची कीटकनाशकं त्याच एन्झाइमला मारतात. इटोप्राइड त्याला थोडं आणि परत सुटेल असं रोखतं. फवारणीचं विष घट्ट पकडून ठेवतं. मग ॲसिटिलकोलिन शरीरभर साचत जातं: लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, उलट्या, जुलाब, छातीत कफ, शेवटी श्वास बंद. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. बुलढाण्याच्याही शिवारात कापूस आहे, पाठीवर तोच पंप आहे. फवारणीनंतर उलटी झाली तर उलटीची गोळी हा इलाज नाही. कपडे उतरवून अंग साबणाने धुवायचं आणि ॲट्रोपिन मिळेल त्या रुग्णालयात तातडीने पोचायचं.

या औषधांचा इतिहास एका ठिकाणी येऊन ठेचकाळतो ते म्हणजे हृदय. सिसाप्राइड नावाचं चाल वाढवणारं औषध १९९० च्या दशकात जगभर चाललं. जठराला ते उत्तम लागू पडे, पण हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याचा दरवाजाही ते बंद करी, ठोक्यांची लय बिघडे आणि माणसं अचानक जात. २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते उठलं. भारतात त्यावर बंदी यायला फेब्रुवारी २०११ उजाडला. तोच दोष, बराच सौम्य, डोम्पेरिडोन आणि ऑनडॅनसेट्रॉनमध्येही आहे. म्हणून २०१४ मध्ये युरोपने डोम्पेरिडोनला दिवसाला तीस मिलिग्रॅम आणि साधारण आठवडाभर अशी मर्यादा घातली. आपल्याकडे मात्र पित्ताच्या औषधासोबत डोम्पेरिडोन घातलेली कॅप्सूल लोक वर्षानुवर्षं रोज सकाळी उपाशीपोटी घेतात. त्यातच एरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचं केटोकोनाझोल सुरू झालं, तर यकृत डोम्पेरिडोन वेळेत निकामी करू शकत नाही आणि धोका वाढतो.

हा धोका उलट्या-जुलाबांत आणखी वाढतो, कारण त्यात पोटॅशियम वाहून जातं आणि पोटॅशियम कमी झालं की हृदयाची लय आधीच नाजूक झालेली असते. साध्या सलाईनमध्ये फक्त मीठ असतं, पोटॅशियम नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या क्षारसंजीवनीत लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. बाटली टांगली म्हणजे उपचार झाला, अशी आपल्याकडे भावना आहे. जो रुग्ण पिऊ शकतो त्याला पुडीचं पाणी बाटलीइतकंच, आणि पोटॅशियमच्या हिशेबाने अधिक, देतं.

शेवटी, कोणती उलटी दाबू नये ते. पोट फुगलं आहे, वारा सरत नाही आणि हिरवी उलटी होतेय, तर आतडं अडकलेलं असू शकतं. चाल वाढवणारं औषध तिथे आतडं फाडू शकतं. डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पन्नाशीपुढच्या माणसाला घामासोबत आलेली मळमळ, हे सगळे वेगळे निरोप आहेत. शेवटच्या प्रकारात "पित्त आहे" म्हणून काउंटरवरून गोळी घेऊन घरी गेलेला माणूस हृदयविकाराचा झटका अंगावर काढत असू शकतो.

पुढची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत: चार मार्ग, मग जठराची चाल, मग हृदय, आणि शेवटी धोक्याच्या खुणा. ती आशाताईंनी, मेडिकलवर उभ्या राहणाऱ्या तरुणांनी आणि घरात औषधांचा डबा सांभाळणाऱ्या बाईने वाचावीत अशी अपेक्षा आहे. मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम. यातली बहुतेक औषधं चिठ्ठीवरच द्यायची असतात आणि ही पुस्तिका त्या चिठ्ठीची जागा घेत नाही. पण चिठ्ठी लिहिली जाण्याआधी डॉक्टरला तीन गोष्टी कुणीतरी सांगाव्या लागतात: त्रास कशानंतर सुरू झाला, आधीपासून कोणती औषधं चालू आहेत, आणि लघवी होतेय का. ही तीन उत्तरं तयार ठेवणारा नातेवाईक डॉक्टरचं अर्धं निदान हलकं करतो.